रिफंडचं काय झालं?

निवृत्त माणसाला लोक साधारणपणे दोनच गोष्टी विचारतात: गुडघे कसे आहेत आणि मुलगा कधी येणार. गेले काही महिने साताऱ्यात मला तिसरी गोष्टच जास्त विचारली गेली. "रिफंडचं काय झालं?"

रक्कम १५,००० रुपये. मुदत ठेवींवर वर्षाला दीड लाख व्याज येतं, त्यावर बँकेने दहा टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला. माझ्या उत्पन्नावर कर शून्य, म्हणून एप्रिलमध्येच मी कर कापू नका असं सांगणारा १५एच फॉर्म भरून दिला होता. तो शाखेत सुखरूप आहे, फक्त नेमका कुठे आहे ते सांगता येत नाही, असं मला नंतर फार गोड आवाजात सांगण्यात आलं. आता रिटर्न भरा आणि रिफंड मागा.

रिटर्न भरायला आमच्या सोसायटीतला सीएच्या परीक्षा देणारा मुलगा आहे. पण रिफंड ज्या खात्यात यायचा ते खातं आधी आयकर विभागाच्या पोर्टलवर प्रमाणित व्हावं लागतं, आणि तिथे माझं नाव आडवं आलं. पॅन कार्डावर आधी मी, मग वडील, मग आडनाव. बँकेत आडनाव पुढे, आणि वडील नुसत्या एका अक्षरात. वडील हयात असताना त्यांना एका अक्षरात आटोपायची गावात कोणाची छाती नव्हती; ते धाडस कुठल्यातरी कारकुनाने खातं उघडताना केलं आणि तो पेन्शन घेऊन मोकळा झाला. मग अर्ज, आधारची प्रत, पॅनची प्रत, प्रत्येक प्रतीवर सही. वडील पूर्ववत झाले आणि खातं प्रमाणित झालं.

जुलैत रिटर्न गेलं. आधारच्या ओटीपीने पडताळणीही लगेच झाली. त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते, पण शाळेत हेडमास्तर होतो, गृहपाठ उद्यावर टाकणं जमत नाही. पोर्टलवर रिटर्नच्या प्रवासाचे टप्पे दाखवतात. पहिले दोन हिरवे झाले: रिटर्न भरलं, पडताळणी झाली. ही दोन्ही कामं माझीच होती. तिसरा टप्पा, 'प्रक्रिया सुरू', तिथेच सगळं थांबलं.

शेजारी म्हणाले, ओळख काढा. ओळखीत मी कच्चा नाही. कचेरीतला शिपाई माझा विद्यार्थी, तलाठ्याचा मेहुणा माझा विद्यार्थी, पोस्टमास्तर तर माझ्या हातचा मार खाल्लेला. पण रिटर्नची छाननी होते बंगळूरला, आणि ती करतो संगणक. त्याला मी शिकवलेलं नाही.

तक्रार नोंदवली. उत्तर आलं, 'आपले विवरणपत्र प्रक्रियेत आहे', आणि त्याखाली 'तक्रार निकाली'. कायदा काय म्हणतो ते त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काका, ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरलं ते संपल्यापासून नऊ महिने. म्हणजे तुमची मुदत ३१ डिसेंबर २०२६." माझ्या वयाच्या माणसाला एवढी लांबची तारीख विमा एजंटसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही.

आणि एका दुपारी मेसेज आला! आपला १५,४९० रुपयांचा रिफंड मंजूर झाला आहे, खाते क्रमांक चुकीचा असल्यास खालच्या लिंकवर दुरुस्त करा. ही आनंदाने उठलीच. पण हा मेसेज खोटा असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने, म्हणजे पीआयबीने, २०२३ मध्येच जाहीर केलं होतं, रकमेसकट, आणि ते कात्रण माझ्याकडे आहे. तरी भामट्यांचं एका गोष्टीसाठी कौतुक वाटलं. माझे १५,०००, वर ४९०. सगळ्या देशात व्याजाची दखल घेणारे तेवढेच निघाले.

व्याजाची गंमत वेगळीच आहे. आपण कर थकवला तर महिन्याला एक टक्का. सरकारकडून यायचं असेल तर अर्धा. तेही सरळव्याज. म्हणजे महिन्याला ७५ रुपये. एप्रिलपासून धरतात, त्यामुळे मी रोज सकाळी चहाबरोबर आजचे अडीच रुपये झाले असं जाहीर करू लागलो. हिने त्यावर काही म्हणणं सोडून दिलं होतं.

जानेवारीत आयकर विभागाची ई-मेल आली. सोबतची पीडीएफ उघडायला पॅन लहान अक्षरांत आणि त्यापुढे जन्मतारीख. माझं वय मला त्या दिवशी अनेकदा टाइप करावं लागलं. आत दोन रकाने: तुम्ही सांगितलेलं आणि आम्ही मोजलेलं. दोन्हीकडचे आकडे एकच. जे मला जुलैत ठाऊक होतं, ते आता त्यांनाही पटलं होतं. पाठोपाठ खात्यात १५,७५० जमा.

मी पेढे आणले. पैसे माझेच होते हे माहीत असूनही आणले, आणि लॉटरी लागल्यासारखे वाटले. सीएवाल्या मुलाने एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, हे ७५० पुढच्या रिटर्नमध्ये दाखवायचे बरं का. इतर उत्पन्नात. रिफंडवरचं व्याज करपात्र असतं."

ही आतून म्हणाली, "ते सातशे पन्नास माझे. मुद्दल तुमचं, पण इतके महिने रोज ऐकून घेतलंय कोणी?"

"मग तुझ्या रिटर्नमध्ये दाखवतो."

"रिटर्न तुमचंच राहू द्या," ही म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा उचलून आत घेऊन गेली.