प्रतिकारशक्ती कमी नसते, अडवलेली असते

आमच्या देवगडकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतोय: ‘फुफ्फुसाचा कॅन्सर प्रतिकारशक्ती कमी झाल्याने होतो. इम्युनोथेरपी म्हणजे ती वाढवायचं महागडं इंजेक्शन, आणि ते घेऊनही माणसं जातात. त्यापेक्षा गुळवेलीचा काढा आणि कोकमाचं आगळ घ्या.’ ओळखीतले एक काका हे वाचून उपचार सोडायला निघाले होते, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्यच फसवं. बहुतेक रुग्णांत प्रतिकारशक्तीचा तुटवडा नसतोच. गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींची आत अनेकदा गर्दी दिसते. राखणदार बागेत हजर आहेत, पण हात बांधलेले. टी पेशीवर पीडी-१ नावाचं प्रथिन असतं; कॅन्सरची पेशी आपलं पीडी-एल१ त्यात अडकवते आणि टी पेशी थंडावते. पीडी-१ चा शोध जपानी शास्त्रज्ञ तासुकू होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये लावला. २०१८ चं नोबेल त्यांना जेम्स ॲलिसन यांच्यासोबत मिळालं. पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध ही पकड सोडवतं. ‘वाढवणं’ हे त्याचं काम नाही.

‘घेऊनही माणसं जातात’ हे खरं आहे, आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण कारण अनेकदा गाठीतच सापडतं. काही गाठींत टी पेशी गडग्याबाहेरच अडकतात. काहींत मॅक्रोफेज गाठीलाच सामील होतात. उलट बी आणि टी पेशींनी गाठीत लसिकाग्रंथीसारखी वस्ती केली असेल, तर प्रतिसाद चांगला मिळण्याची शक्यता वाढते. निम्म्याहून जास्त कॅन्सरपेशींवर पीडी-एल१ असलेल्या रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनी पेम्ब्रोलिझुमॅबच्या गटातले १०० पैकी सुमारे ३२ जण हयात होते, केमोथेरपीच्या गटातले १६. कॅन्सरपेशींच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असेल तर मात्र हे औषध फारसं चालत नाही. तिथे आधी त्या बदलावर काम करणाऱ्या गोळ्या देतात. म्हणून बायोप्सीचे पीडी-एल१ आणि ईजीएफआर हे दोन्ही अहवाल मागाच.

राहिला काढा. आगळ जेवणात खुशाल घ्या. गुळवेल मात्र पीडी-१ ची पकड सोडवते असा पुरावा नाही, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इम्युनोथेरपीनेही यकृताला सूज येऊ शकते. दोन्ही एकदम चालू असतील, तर सूज कशाची हे डॉक्टर ओळखणार कसं? काकांनी परवा काढ्याची बाटली सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवली. पुढचं इंजेक्शन ठरल्या तारखेला आहे.