‘खाद्य भेसळीचं, पिल्लं मेली’ या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही दिलेला एक स्टार आणि खालचा मजकूर दोन्ही वाचलं. जूनमध्ये आमच्याकडून ग्रामप्रिया या अंड्याच्या जातीची चार आठवड्यांची ५० पिल्लं आणि खाद्याची दोन पोती नेलीत, तीन आठवड्यांत ११ पिल्लं मेली, खाद्यात भेसळ होती, आजी नुसत्या कणीवर कोंबड्या वाढवायची आणि आम्ही महागडं खाद्य गळ्यात मारतो, असं तुम्ही लिहिलंय. फोन उचलत नाही म्हणालात, तर त्या आठवड्यात गावात लाइट नव्हती आणि रेंजही नव्हती.

खाद्यात भेसळ नव्हती. चूक मात्र झाली, आणि त्यातली निम्मी आमची.

तुमच्या फोटोत पोत्यावर ‘लेअर’ छापलेलं स्पष्ट दिसतंय. त्या दिवशी काउंटरवर माझा पुतण्या होता. तुम्ही ‘अंड्याच्या कोंबड्यांचं खाद्य’ मागितलंत, त्याने लेअर काढून दिलं. पिल्लं किती दिवसांची हे त्याने विचारायला हवं होतं, कारण दहा मिनिटांपूर्वी त्यानेच ती खोक्यात भरून दिली होती! लेअर हे अंड्याच्या जातीचं खाद्य नव्हे, अंड्यावर आलेल्या कोंबडीचं. टरफल बनायला लागतं म्हणून त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. पिल्लाला एक टक्का पुरतं. वरचं सगळं बाहेर टाकताना त्याची मूत्रपिंडं खराब होतात. फोटोत डॉक्टरांनी फाडलेल्या पिल्लाच्या हृदयावर आणि काळजावर चुना भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसतोय, तो त्याचाच, असं मला वाटतं. डॉक्टरांना पोत्याचं लेबलही दाखवा, म्हणजे माझ्या शब्दावर राहायला नको.

आता कणी. आजीचं खोटं नाही. पण तिच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असायच्या, उकिरडा उकरायच्या, वाळवी-किडे टिपायच्या. कणी म्हणजे वरचा घास होता. तुमची पिल्लं जाळीत आहेत, तिथे वाळवी कुठून येणार? तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के, आणि पहिल्या आठ आठवड्यांत पिल्लाला लागतात वीस टक्के. लेअर बंद करून तुम्ही दोन आठवडे फक्त कणी घातलीत, आता पिसं विस्कटलीत आणि पिल्लं एकमेकांना टोचतायत. हे भुकेचं आहे, पोट भरलेलं असूनही.

स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य, महाग पडतं, कारण त्यात सोयापेंड जास्त असते. पण या जातीचं पिल्लू आठ आठवड्यांत जेमतेम दोन किलो खातं. आठव्या आठवड्यानंतर ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य, त्यात प्रथिनं सोळा टक्क्यांच्या आसपास आणि दरही कमी. स्टार्टरच पुढे चालू ठेवलं तर तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, चरबी धरतात, वेळेआधी अंड्यावर येतात, अंडी बारीक पडतात, कधी अंगही बाहेर येतं. लेअर आणि शिंपला द्यायचा तो तुरे लाल होऊन पहिली अंडी दिसायला लागली की, म्हणजे साधारण पाचव्या महिन्यानंतर.

तुमची पिल्लं आता नऊ आठवड्यांची. हिशोबाने ग्रोअर द्यायला हवं, पण कणीवर मागे पडलीत, म्हणून अजून दोन आठवडे स्टार्टरच घाला. मग चार-पाच दिवस दोन्ही मिसळत हळूहळू ग्रोअरवर आणा. एकदम बदललंत तर हगवतील. पाणी कायम भरलेलं ठेवा. विष्ठेत रक्त दिसलं तर मला फोन करू नका, सरळ डॉक्टरांकडे जा, ती रक्ती हगवण असते आणि दोन दिवसांत खुराडं रिकामं करते.

दुसरं पोतं अजून फोडलेलं नसेल, कारण एवढ्या पिल्लांना तीन आठवड्यांत एकच लागतं. ते आणा, त्याबदली स्टार्टर घेऊन जा, वरचा फरक आम्ही सोसू. पहिल्यातलं उरलेलं शेजारी कुणाच्या कोंबड्या अंड्यावर असतील त्यांना द्या. आपल्याकडच्या पावसात फोडलेलं पोतं ठेवू नका, बुरशी धरली की तेही विषच.

११ पिल्लांचे पैसे परत देतो. बदली पिल्लं देत नाही, कारण या मोठ्यांत लहान सोडली तर टोचून मारतील. पुतण्याने आता मागे फळीवर खडूने लिहून ठेवलंय: आधी वय विचारा.

बिल हरवलं असलं तरी चालेल, आमच्याकडे प्रत आहे. फक्त सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.