माउस आणि पेनच्या मधलं पान

'देयकाची मुदत वानगी तीस दिवस राहील.'

हे वाक्य मी लिहिलेलं नाही. म्हणजे फाइल माझी, अनुवाद माझा, बोटंही माझीच, पण असं काही लिहायचं माझ्या डोक्यात नव्हतं. दोन कलमं खाली 'लेखी पर घेतल्याशिवाय' असं सापडलं तेव्हा उलगडा झाला. 'परवानगी' टाइप करता करता तळहाताची कड टचपॅडला लागली, कर्सर टुणकन उडी मारून वर गेला आणि उरलेली 'वानगी' तिथे जाऊन पडली. स्पेलचेकरने चकार शब्द काढला नाही. का काढेल? वानगी शुद्ध, परही शुद्ध.

हा आजार मला नवा नव्हता. लॅपटॉप आणला त्या दिवशीच मी टचपॅडच्या सेटिंगमध्ये जाऊन नुसत्या स्पर्शाने क्लिक होणं बंद केलं होतं. क्लिक हवा असेल तर पॅड खाली दाबायचा, नुसतं बोट टेकलं तर काही होता कामा नये. दिवसभर टाइप करणाऱ्या माणसाला एवढी एक गोष्ट पुरते. दोन वर्षं सुखात गेली. मग एका रात्री अपडेट आलं आणि सकाळपासून कर्सर पुन्हा उंडारायला लागला.

ठीक आहे, म्हटलं, सेटिंग पुसलं गेलं असेल, परत बंद करू. सेटिंग्ज उघडलं, 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'मध्ये गेले. कॅमेरे आहेत, माउस आहे, पेन आहे, ऑटोप्ले आहे, यूएसबी आहे. माउस आणि पेनच्या मधे टचपॅडचं पान असायचं, ते नाही. पुसट नाही, बंद नाही, नाहीच. दात पडला तर निदान जीभ तिथे जाऊन खात्री करून घेते. इथे रांगेत फटसुद्धा नव्हती. वरच्या शोधाच्या चौकटीत टाइप करून पाहिलं, तिथेही माझ्या कामाचं काही मिळालं नाही. अर्ध्या तासाने मला खरंच शंका यायला लागली, की हे पान कधी होतं तरी का.

पहिला समज असा झाला की पान हलवलंय. हा समज काही अगदीच खुळा नाही. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल १९८५ पासून आहे आणि २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सेटिंग्जचं नवं घर बांधायला घेतलं. तेव्हापासून एकेक वस्तू जुन्या घरातून नव्या घरात जाते आहे, सामान अजून दोन्हीकडे आहे. विंडोज १० मध्ये टचपॅड 'डिव्हायसेस'खाली होता, ११ मध्ये 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'खाली आला. तेव्हा मी दोन्ही घरं धुंडाळली, माळे, कपाटं, सगळं. तास गेला.

मग भाच्याला फोन केला.

"मावशी, रिस्टार्ट केलंस?"

"दोनदा बंद करून चालू केला की."

"बंद-चालू नाही गं, रिस्टार्ट. ते वेगळं असतं."

मला वाटलं मस्करी करतोय. करत नव्हता. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टीमचा गाभा बंद होत नाही. त्याची आहे तशी अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच उचलून पुढे चालू होते. ड्रायव्हर, म्हणजे एखाद्या उपकरणाशी सिस्टीमचं बोलणं जुळवून देणारा प्रोग्रॅम, गोंधळलेला असेल तर तोही गोंधळासकट जपून ठेवला जातो. 'रिस्टार्ट' केलं तरच सगळं मुळापासून उभं राहतं. इतकी वर्षं मी दर अडचणीत मशीन बंद करून चालू करत आले आणि स्वतःला व्यवहारी समजत आले. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तर मात्र खरोखरचं बंद होतं, हेही तेव्हाच कळलं.

रिस्टार्ट केलं. पान नाही.

मग त्याने एक प्रश्न विचारला, जो मी स्वतःला सकाळीच विचारायला हवा होता. "दोन बोटांनी पान वर-खाली सरकतंय का?" मी पेज डाउनवाली, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. करून पाहिलं, सरकत नव्हतं. बाण फिरत होता, क्लिक होत होता, बाकी सगळं ठप्प.

"मग तुझ्याकडे टचपॅड राहिलाच नाहीये. माउस झालाय त्याचा."

हे ऐकून मी हसले, पण निदान अक्षरशः खरं होतं. विंडोज की आणि एक्स एकत्र, मग एम, असं केलं की डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या उपकरणांची यादी, उघडतो (ज्यांचा बाणच मेला असेल त्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवा. पुढचं सगळं टॅब, बाणांच्या कळा आणि एंटर यांवर निभतं, उजव्या क्लिकसाठी शिफ्ट आणि एफ१०). मी पिवळा त्रिकोण शोधत होते. काही बिनसलं की तिथे पिवळा त्रिकोण येतो, एवढं ज्ञान मला होतं. त्रिकोण कुठेच नव्हता. सगळं कसं नीटनेटकं. 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस'खाली एक नाव होतं, 'पीएस/२ कम्पॅटिबल माउस'. त्यावर दोनदा क्लिक केलं तर आत लिहिलेलं, हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. त्या वाक्याच्या शांतपणाचा मला जेवढा राग आला तेवढा कुठल्या एररचा आला नसता.

आता गंमत बघा. लॅपटॉपचा टचपॅड मदरबोर्डशी दोन भाषांत बोलू शकतो. सगळे नाही, पण माझ्यासारखे बरेच. एक भाषा पीएस/२, आयबीएमच्या १९८७ च्या कॉम्प्युटरांबरोबर आलेली. ती माउससाठी बनलेली, त्यामुळे तिचा शब्दसंग्रह तीन बाइटांचा: एवढा सरकलो, एवढा वर गेलो, ही बटणं दाबली आहेत. संपलं. दुसरी भाषा आय-टू-सी नावाच्या तारांवरून बोलली जाते. त्या तारा फिलिप्सने १९८२ मध्ये आणल्या, म्हणजे त्या पीएस/२ पेक्षाही म्हाताऱ्या. पण त्यांवरून टचपॅडने कसं बोलायचं हे विंडोज ८ च्या काळात ठरलं आणि तिथे टचपॅड खूप काही सांगतो: किती बोटं टेकली, प्रत्येक बोट कुठे आहे, आणि हा स्पर्श बोटाचा वाटतो की तळहाताचा. हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. तळहात ओळखून तो सोडून द्यायचा, हे त्या माहितीवर ठरतं.

पीएस/२ मध्ये बोट टेकलं की टचपॅड स्वतःच त्याचा 'डावं बटण दाबलं' असा अनुवाद करून वर पाठवतो. सिस्टीमला मूळ मजकूर कधी दिसतच नाही, फक्त अनुवाद दिसतो. (मी अनुवादक आहे. मला हे ऐकून थोडं अपराधी वाटलं.) मग स्पर्शाने क्लिक व्हावा की नाही हे सेटिंग ती दाखवणार तरी कशाच्या जोरावर? तिच्या लेखी इथे टचपॅड नाहीच, एक साधा माउस आहे. म्हणून पान नाही.

म्हणजे सेटिंग गायब झालंच नव्हतं. ज्याचं ते सेटिंग, तोच हजेरीपटावरून गेला होता. सेटिंग्जमधली बरीच पानं अशीच असतात, पाहुणा घरात असेल तरच त्याचं ताट मांडलं जातं. उजेड कमी-जास्त करायची पट्टी गायब झाली तर पट्टी शोधू नका, डिस्प्ले अ‍ॅडॉप्टरचं नाव बघा. तिथे 'बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' दिसलं तर खरा ड्रायव्हर गेलेला आहे. ब्लूटूथचं बटण गायब म्हणजे ब्लूटूथची चिप दिसत नाहीये. माझे आधीचे सगळे तास पानाच्या शोधात गेले, आणि पान हे नुसतं लक्षण होतं.

आता माझं भांडण. तर्काने हे सगळं बरोबर आहे, मान्य. ज्या टेबलावरच्या मशीनला जन्मात टचपॅड नव्हता त्याला टचपॅडचं पान दाखवून काय उपयोग? पण ज्या मशीनवर काल रात्रीपर्यंत ते पान होतं, तिथे आज सकाळी 'टचपॅड सापडत नाही' एवढी एक ओळ लिहायला काय हरकत आहे? हे जमत नाही असंही नाही. याच सिस्टीममध्ये बोटाच्या ठशाने लॉगिन करायची सोय बिनसली तर तो पर्याय जागेवर राहतो आणि खाली लिहून येतं, की सध्या उपलब्ध नाही. ड्रायव्हर मागे न्यायचं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण, जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल तर करडं पडतं. मी त्या करड्या बटणावर चिडले, पण ते दिसत होतं म्हणून चिडता तरी आलं. करडं बटण सांगतं की ही गोष्ट आहे, आत्ता मिळणार नाही. नसलेलं बटण काहीच सांगत नाही, उलट तुमच्या आठवणीवरच संशय घ्यायला लावतं. जे नको ते झाकून ठेवा, म्हणजे लोकांना सोपं वाटेल, हा विचार जुनाच आहे. ऑफिस २००० मध्ये मेन्यूतले कमी वापरले जाणारे पर्याय आपोआप दडायचे आणि खालच्या दुहेरी बाणावर टिचकी मारली की दिसायचे. निदान तो बाण तरी होता.

तर, टचपॅडने भाषा का बदलली? भाच्याने सांगितलं, अपडेटचा इतिहास बघ. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटखाली 'अपडेट हिस्टरी' असते. आपण बघतो ती मोठ्या नावाची अपडेटं. खाली ड्रायव्हरांची वेगळी यादी असते, ती मी कधी उघडलीच नव्हती. त्यात त्याच रात्रीची एक ओळ: लॅपटॉपच्या कंपनीचं नाव, मग 'फर्मवेअर', मग एक आकडा. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ते 'फर्मवेअर' म्हणजे बायोस, मशीन सुरू होताना विंडोजच्याही आधी जागा होणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम. त्या रात्री सिस्टीमच्या अपडेटबरोबर बायोसचंही अपडेट येऊन गेलं होतं, आणि जाता जाता त्याने बायोसमधली सगळी सेटिंग्ज मूळपदावर आणून ठेवली होती. विंडोज आणि ड्रायव्हर दोघेही निर्दोष. मी ज्या इमारतीत चोर शोधत होते, चोरी तिच्या तळघरात झाली होती.

बायोसमध्ये जायला मशीन सुरू होताना कुठली कळ दाबायची हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यापेक्षा शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट करायचं, मग 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'. त्याआधी एक गोष्ट नक्की करा: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची ४८ आकडी रिकव्हरी की दुसरीकडे कुठेतरी, कागदावर किंवा फोनमध्ये, हाताशी ठेवा. बायोसमध्ये हात घातला की कधीकधी मशीन ती मागतं, आणि ती त्याच मशीनच्या आत असेल तर मग नुसतं बघत बसायचं.

बायोसचा तो निळा पडदा मी याआधी एकदाच पाहिला होता, तोही चुकून. बाणांच्या कळांनी खाली खाली गेले. 'टचपॅड' अशी ओळ, आणि समोर 'बेसिक'. एंटर दाबलं तर दुसरा पर्याय 'अ‍ॅडव्हान्स्ड'. बेसिक म्हणजे पीएस/२, अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे आय-टू-सी. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, भाचा फोनवर होता म्हणून कळलं. सगळ्या लॅपटॉपांत ही ओळ नसते, हेही त्यानेच सांगितलं. ज्यांच्यात नसेल त्यांना डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आय-टू-सी एचआयडी डिव्हाइस'वर पिवळा त्रिकोण शोधायचा आणि कंपनीचा ड्रायव्हर पुन्हा टाकायचा, हा मार्ग उरतो. आणि मोठं अपडेट असेल, अजून दहा दिवस झाले नसतील, तर 'रिकव्हरी'मधून आधीच्या आवृत्तीवर परत जाता येतं. मला त्याचा उपयोग झाला नसता. विंडोज मागे गेलं असतं, बायोस तिथेच राहिला असता. ते मी जवळजवळ करणार होते.

एफ१० दाबून बदल जतन केला, मशीन उठलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'एचआयडी कम्प्लायंट टच पॅड' असं नाव आलेलं. दोन बोटं टेकवली, पान सरकलं. सेटिंग्ज उघडलं. माउस, टचपॅड, पेन. जसं काही झालंच नाही.

पान उघडलं, 'टॅप्स'वर गेले, म्हटलं आता सगळं पहिल्यापासून लावायचं. लावायचं काहीच नव्हतं. स्पर्शाने क्लिक होण्यासमोरची खूण मी दोन वर्षांपूर्वी काढली होती. ती काढलेलीच होती.