लाय, ले, लेन... डोक्याला शॉट नुसता

अरे हे इंग्रजीतलं लाय (lie) आणि ले (lay) ज्याने कोणी बनवलं ना, त्याला एकदा समोर आणा. म्हणजे बघा, लाय म्हणजे आडवं होणं, पडून राहणं, ठीक. त्याचा भूतकाळ काय, तर ले. आणि ले हे आधीच एक वेगळं क्रियापद आहे, वस्तू ठेवणं, अंथरणं, फरशी बसवणं, कोंबडीने अंडी घालणं, त्याचा भूतकाळ लेड! मग 'आय ले ऑन द बेड' म्हटलं की समोरचा विचारणार काय ठेवलंस बेडवर, अरे मीच पडलो होतो बाबा काल. बरं खोटं बोलणं पण लायच, पण तिथे भूतकाळ लाइड, का तर त्यांची मर्जी. आणि ते लेन (lain), आडवं होण्याच्या लायचं तिसरं रूप, ते बोलताना कोणाच्या तोंडून ऐकलंय कधी?

सगळ्यात संताप याचा की खुद्द इंग्रज लोक १४व्या शतकापासून लायच्या जागी बिनधास्त ले ठोकतायत, कोणाला काही प्रॉब्लेम नव्हता. १७७०च्या सुमारास व्याकरणवाल्यांना खटकायला लागलं आणि आज आपण मेलमध्ये 'फाइल इज लेइंग ऑन द टेबल' लिहिलं की कोणीतरी रिप्लाय ऑल करून शिकवणार, लाइंग हवं. लाइंग लिहिलं तर फाइल खोटं बोलतेय असं वाटतं ते वेगळंच. आता मी सरळ 'फाइल इज ऑन द टेबल' लिहितो, घ्या, काढा चूक.