किलोमीटर कसले बघताय, तास बघा!

दोन लांबच्या शहरांमधलं विमानाचं अंतर नेटवर शोधलं की एक आकडा मिळतो आणि त्याखाली ‘प्रवासाचा वेळ’. लोक त्यावर विश्वास ठेवून पुढची गाडी, हॉटेल, मीटिंग सगळं ठरवून मोकळे होतात. माझं स्पष्ट मत आहे की यातला दुसरा आकडा बहुतेकदा फेकून देण्याच्या लायकीचा असतो. अंतराला ताशी ८००-९०० किमीने भागायचं, वर अर्धा तास टाकायचा, झालं गणित! जाताना आणि येताना वेळ सारखाच. वारा नावाची गोष्ट जगात नाहीच जणू.

अंतराचा आकडा तसा खोटा नसतो. गोल पृथ्वीवरची ती सगळ्यात जवळची वाट असते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर ती वाकडी दिसते, म्हणूनच न्यूयॉर्कहून टोकियोला निघालेलं विमान अलास्काकडे का वळलं असं वाटतं. पण विमान त्या रेषेवरून उडेलच याची हमी कुणी दिली?

सगळा खेळ जेट स्ट्रीमचा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. न्यूयॉर्क-लंडन साधारण ५,५०० किमी. जाताना सात तासांच्या आत-बाहेर, परत येताना आठ. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक जम्बो पाच तासांच्याही आत लंडनला उतरलं, कारण मागून वादळ ढकलत होतं. जमिनीच्या हिशोबाने त्याचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. आता भागा ९०० ने!

याहून भारी उदाहरण दिल्ली-सॅन फ्रान्सिस्कोचं. एअर इंडियाने २०१६ मध्ये अटलांटिकची वाट सोडून ही फ्लाइट पॅसिफिकवरून नेली. अंतर हजारभर किलोमीटरने वाढलं, वेळ मात्र दोनएक तासांनी वाचला. वारा पाठीशी होता ना!

आणि राजकारण? २०२२ मध्ये फिनलंडच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो साडेनऊ-दहा तासांवरून तेराच्या आसपास गेलं. दोन्ही शहरं जिथल्या तिथेच, नेटवरचं अंतरही तेच. (उत्तर ध्रुवावरून जाणारी वाट त्यांना पुन्हा शोधावी लागली, ही गंमत वेगळीच.)

तेव्हा वेळ बघायचा तर विमान कंपनीच्या वेळापत्रकात बघा, आणि जाण्याचा-येण्याचा वेगवेगळा. त्यात धावपट्टीकडे रांगत जाण्याचा वेळही धरलेला असतो. फक्त तिथल्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाने असतात, सरळ वजाबाकी करू नका. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेला माणूस त्याच तारखेला सकाळी लॉस एंजेलिसला उतरतो; वजाबाकी केलीत तर तो निघण्याआधीच पोचलेला असेल!