इडियम पाठ करावेत का? कट्ट्यावर पेटलेला वाद

वादाला तोंड दिन्याने फोडलं. त्याचा बेत सरळ होता: पाचशे इंग्रजी इडियम म्हणजे वाक्प्रचार, रोज दहा, पन्नास दिवसांत काम फत्ते.

"यादीत पहिला कुठला?" शलाकाने विचारलं.

"इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज."

"हा पाऊस पुस्तकांतच जास्त पडतो. बोलताना लोक 'इट्स पोअरिंग' म्हणून मोकळे होतात."

"पण अर्थ कळला तर बिघडलं काय?"

"कळण्याने काही बिघडत नाही रे, वापरण्याने बिघडतं," मास्तर मध्ये पडले. "तुझ्या वहीत 'किक द बकेट म्हणजे मरणे' एवढंच आहे. उद्या सांत्वनाच्या पत्रात हेच लिहिशील. म्हणजे 'तुमचे वडील गचकले हो' असं तोंडावर म्हटल्यासारखं. तिथे 'पास्ड अवे' लागतं. अर्थाशेजारी कोणी, कोणाला, कुठल्या प्रसंगी म्हणायचं हे नसेल, तर ती नोंद अर्धीच."

मास्तर एकदा सुटले की थांबत नाहीत. "आणि ही वाक्यं वाट्टेल तशी वाकवता येत नाहीत. 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलंस की खरीखुरी बादली लाथाडली जाते, मेलं कुणीच नाही. पण 'द बीन्स वर स्पिल्ड' चालतं. कारण 'स्पिल द बीन्स'चे तुकडे वेगळे काढता येतात: स्पिल म्हणजे फोडणं, बीन्स म्हणजे गुपित. बकेटला मरणाच्या अर्थात स्वतंत्र वाटाच नाही. म्हणून वहीत सुटा अर्थ नको, पूर्ण वाक्य लिही."

अण्णांना हा खटाटोपच मान्य नव्हता. "जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ज्यांची ती मातृभाषा नाही असेच जास्त. दोघांचीही भाषा उसनी, मग 'लेट्स टच बेस' कशाला? 'लेट्स टॉक ऑन थर्सडे' म्हणा. ब्रिटिश माणूस 'लेट्स टेबल धिस' म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा, अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा. इंग्रजांचं इंग्रजांना कळत नाही, तिथे आपण काय!"

"बोलायचं नाही हे मान्य, अण्णा," शलाका म्हणाली, "पण समोरचा बोलणारच ना? ओळखायचे ते भरपूर, तोंडी ठेवायचे ते थोडे. दिन्या, तुझे पाचशे ओळखण्याच्या यादीत टाक. बोलायला तीसेक पुरतात, आणि त्यातही आधी फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे 'अप', 'आउट', 'ऑफ' जोडून बनलेली क्रियापदं. रंगीत इडियम दिवसभरात एखादा कानावर पडेल. 'फिगर आउट', 'रन आउट ऑफ', 'एंड अप' वरचेवर येतात."

इथे चर्चा खरी रंगली, कारण चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. 'पिक अप द फोन' चालतं, 'पिक द फोन अप' चालतं. मात्र फोनच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' कधीच नाही. हाच नियम 'टर्न ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट ऑफ' यांना. 'लुक आफ्टर' मात्र फुटत नाही: 'लुक आफ्टर हिम'. कुठलं फुटतं आणि कुठलं नाही, हे नुसतं बघून कळत नाही. शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात ते दाखवलेलं असतं. 'लुक फॉरवर्ड टू'चं दुखणं वेगळं. त्याच्यापुढे 'मीटिंग यू' येतं, 'मीट यू' नाही, कारण हा 'टू' क्रियापदाचा नव्हे, शब्दयोगी आहे. जोरही महत्त्वाचा: क्रियापद असेल तर 'पिक अप'मध्ये जोर 'अप'वर, नाम असेल तर 'पिक'वर. जोर चुकला की ऐकणारा क्षणभर अडखळतो.

"आणि गॉना, वॉना?" 'गोइंग टू' आणि 'वॉन्ट टू'ची ही बोलण्यातली रूपं म्हणजे दिन्याचा आवडता विषय.

"ऐकायला हवंच," शलाका म्हणाली, "नाहीतर मालिकेतलं अर्धं बोलणं डोक्यावरून जाईल. पण 'गॉना' फक्त क्रियापदाआधी. 'आयम गॉना कॉल हर' बरोबर. 'आयम गॉना द स्टेशन' कुणीही म्हणत नाही, तिथे पूर्ण 'गोइंग टू'. 'ही वॉना गो' नाही, 'ही वॉन्ट्स टू गो'. अर्जात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये दोन्ही लिहू नकोस."

मास्तरांचा रोख साध्या बोलण्यावर होता. ब्रिटिश माणूस जाता जाता 'यू ऑलराइट?' म्हणतो तेव्हा तो तब्येत विचारत नसतो. 'येस थँक्स, यू?' एवढं पुरे; पाठदुखीचा पाढा नको. 'इज द लायब्ररी ओपन टुडे?' याला आपण सौजन्याने 'ऑफ कोर्स' म्हणतो, पण त्यात 'एवढंही कळत नाही का?' असा सूर ऐकू येऊ शकतो. 'येस, इट इज' बरं. 'आय पास्ड आउट इन २०१९' यावर परदेशी माणूस 'मग शुद्धीवर कधी आलात?' असं विचारू शकतो. तिथे 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं. आणि 'डोन्ट ईट माय हेड' आपल्याबाहेर कुणालाच कळत नाही. 'स्टॉप बगिंग मी' म्हणावं, तेही मित्राला, साहेबाला नाही.

"ठीक आहे, पण लक्षात ठेवायचं कसं?" दिन्या मूळ मुद्द्यावर आला.

शलाकाची पद्धत अशी. कार्डाच्या पुढे मराठीत प्रसंग: 'बैठक पुढच्या आठवड्यावर ढकलली'. मागे पूर्ण वाक्य: 'वी पुट इट ऑफ टिल नेक्स्ट वीक'. त्याखाली एक खूण, मित्रांत की कुठेही. उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने. अडलं की ते कार्ड पुन्हा पहिल्या दिवसावर. आठवड्याला पाचसहा नवी कार्डं, जास्त नाही. सगळ्यात मोठा घोळ होतो तो 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट ऑन', 'पुट अप विथ' एकाच दिवशी घेतल्याने. चौघं डोक्यात एकमेकांत मिसळतात. त्यांच्यात निदान आठवड्याचं अंतर ठेवायचं.

कार्ड लिहिण्याआधी वाक्य जिवंत आहे का हे तपासावं, असं मास्तरांचं म्हणणं. यूग्लिश या संकेतस्थळावर टाकलं की खऱ्या व्हिडिओंतला नेमका तो क्षण ऐकू येतो, अमेरिकन आणि ब्रिटिश वेगळे निवडता येतात. 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश' या खऱ्या मजकुरांच्या ऑनलाइन संग्रहात १९९० ते २०१९ मधले शंभर कोटींच्या आसपास शब्द आहेत. बोलणं, कादंबऱ्या, वर्तमानपत्रं असे कप्पे वेगळे, त्यामुळे एखादा वाक्प्रचार फक्त कादंबऱ्यांतच सापडला तर तो बोलायला घेऊ नये.

"आणि आजची स्लँग? 'रिझ', म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, वगैरे?"

"ऑक्सफर्डने त्याला २०२३चा शब्द म्हणून निवडलं," शलाका हसली. "म्हणजे तोवर तो आई-बापांपर्यंत पोचला होता. स्लँग समजून घे. चाळिशीच्या माणसाच्या तोंडी ती ओढूनताणून आणल्यासारखी वाटते."

"मी सदतीसचा आहे."

यावर अण्णा खूप वेळ हसत होते. हसू ओसरल्यावर दिन्याने शेवटचं विचारलं, "अमेरिकन शिकू की ब्रिटिश?"

"ऐकायला दोन्ही, बोलायला तुझं ज्यांच्याशी काम पडतं त्यांचं," मास्तर म्हणाले. "आणि 'क्वाइट गुड' ऐकलंस तर आधी बोलणारा कोण ते बघ. अमेरिकनाच्या तोंडी ती शाबासकी असते, ब्रिटिशाच्या तोंडी बऱ्याचदा नुसतं 'ठीकठाक'."

"म्हणजे माझ्या रिपोर्टवर साहेबाने लिहिलंय ते?"

"साहेब कुठला?"

"इंग्लंडमधल्या लीड्सचा."

"मग रिपोर्ट परत वाच."