रॉड काढला म्हणून पिकअपची जीप होत नाही

बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पिकअप असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाइलवर एक मजकूर येऊन गेलाय. थोडक्यात असा : ‘पुढचा स्टॅबिलायझर रॉड काढून टाका. चाकं जमीन सोडत नाहीत, गाडी चिखलात अडकत नाही, मऊ चालते, खडखड बंद. शॉकअप चांगले असले की रॉड लागतोच कशाला? कंपनी तो शहरवाल्यांसाठी देते.’

यातला पहिला दावा निम्मा खरा आहे, आणि त्याच्या जोरावर बाकीचे खपतात. मी स्वतः एक हंगाम रॉड काढून गाडी पळवली आहे, त्यामुळं हे बोलतोय.

‘चाकं जमीन सोडत नाहीत.’ रॉड म्हणजे यू आकाराची पोलादी कांब, डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडणारी. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती बुशात, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरी कड्यांत, नुसती फिरते. एकच चाक वर गेलं की पिळते आणि दुसऱ्यालाही वर ओढायला बघते. म्हणून ओढ्यातल्या दगडावर तिरकी गाडी चढवताना रॉड आड येतो, हे कबूल. डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणारा गिअर, साधं असलं की जे चाक हलकं पडेल तेच गरागरा फिरतं, त्यामुळं चाक खाली टेकलेलं राहण्याला किंमत आहेच.

पण किती फरक पडतो? ज्या पिकअपना पुढं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं, तिथं चाकाची वरखाली हालचाल मुळातच आखूड असते. थोडं खाली गेलं की शॉकअपची लांबी संपते, वर गेलं की रबरी ठोकळ्यावर आदळतं. रॉड काढून ती हद्द काही वाढत नाही. मोठा फायदा दिसतो तो पुढंही आडवा सलग ॲक्सल आणि लांब हालचाल असलेल्या जीपसारख्या गाड्यांना. काही पिकअपना तर पुढं पाटेच (लीफ स्प्रिंग) असतात आणि रॉड नसतोच. आधी खाली वाकून बघा, मग पाना घ्या.

‘चिखलात अडकत नाही.’ हे साफ चुकीचं. आमच्याकडं रोप लावणीच्या दिवसात बांधावर गाडी रुतते, तेव्हा चारही चाकं जमिनीवरच असतात. जमीनच धरत नाही, त्याला रॉड काय करणार? त्यात गाडी मागच्या चाकांवर चालणारी आणि हौदा रिकामा, म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच वजन नाही. इथं उपयोग होतो तो नक्षीदार टायरचा, हौद्यात मागं टाकलेल्या चार पोत्यांचा आणि कमी हवेचा. गाडी रिकामी असेल तर ३५ पीएसआयवरून २० वर आणून बघा, फरक लगेच कळतो. मात्र डांबरी लागायच्या आत हवा परत भरायची. गाडीत पंप नसेल तर हा उद्योग करू नका.

‘मऊ चालते.’ एका बाजूच्या खड्ड्यात, हो. गतिरोधकावर दोन्ही चाकं बरोबर चढतात, तिथं रॉडचा संबंधच येत नाही. रिकाम्या पिकअपचे हादरे बसतात ते मागच्या पाट्यांमुळं. टनाच्या मापानं बांधलेले पाटे नुसत्या ड्रायव्हरच्या वजनानं कसे वाकतील?

‘शॉकअप चांगले असले की रॉड नको.’ ऐकायला हे सगळ्यात शहाण्यासारखं वाटतं, आणि धोका सगळ्यात जास्त यातच आहे. शॉकअप हालचालीच्या वेगाला अडवतो. गाडी किती झपकन झुकेल ते तो ठरवतो, किती झुकेल ते नाही. लांबलचक वळणात गाडी एकदा झुकून स्थिर झाली की शॉकअप हलत नाही, म्हणजे त्याचं कामच संपलं. त्या क्षणी गाडी तोलून धरतात त्या फक्त स्प्रिंगा, पाटे आणि रॉड.

मला हे गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटात कळलं. हौद्यात रताळ्याची पोती, कठड्याच्या वरपर्यंत रचलेली. कणकुंबी मागं टाकून उतार लागला आणि नेहमीच्याच वळणावर गाडी बाहेर झुकत गेली, झुकतच गेली. शेजारी बसलेल्या मामांनी बोलणं अर्धवट सोडून दाराची मूठ धरली. मग उलटं वळण आलं आणि सगळा भार दुसऱ्या बाजूला कोसळला. वेग फार नव्हता. पण वळणात बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणं वाढतो. ताशी ४० ऐवजी ५० नं गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. त्यात भार उंच असला की संपलंच.

रिकाम्या गाडीचं दुखणं वेगळं. पुढचा रॉड गेला की वळणात झुकाव रोखायचा बराच बोजा मागच्या पाट्यांवर पडतो. मागचं बाहेरचं चाक जास्त दाबलं जातं, आतलं हलकं होतं. पावसाच्या पहिल्या सरीत, डांबरावर तेलकट चिकट थर असताना, मागचा भाग अचानक सरकतो तो यामुळं.

‘खडखड बंद होते.’ होणारच, वाजणारी वस्तूच काढली की! दात दुखतो म्हणून जबडा काढण्यासारखं आहे हे. वाजतो तो रॉड नाही, लाल मातीनं खाल्लेले बुश आणि रॉडची टोकं चाकाकडं जोडणाऱ्या लिंकचे ढिले झालेले सांधे. ते बदलणं हे सस्पेन्शनमधलं स्वस्तातलं काम. माझ्या मिस्त्रीनं ते टाळलं आणि रॉडच सोडून हातात दिला. आवाज गेला म्हणून मीही खूश झालो.

‘कंपनी शहरवाल्यांसाठी देते.’ मग जीप रँग्लर रुबिकॉन बघा. ती दगडधोंड्यांसाठीच बनलेली गाडी, आणि तिच्यात पुढचा रॉड बटणानं सुटतो. सुटतो, फेकला जात नाही. वेग ताशी २९ किलोमीटरच्या आसपास गेला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. तुम्हाला खरंच दगडातून जायचं असेल तर तुम्हीही तेच करा. सपाट जागी, रॉडला पीळ नसताना, दोन्ही बाजूचे लिंक सोडा आणि रॉड वर घट्ट बांधा. एकच लिंक सोडून रॉड लोंबता ठेवला तर तो टायरला नाहीतर ब्रेकच्या नळीला घासतो. डांबरी लागायच्या आधी परत जोडा.

‘त्यापेक्षा बारीक रॉड टाकू’ असंही काही जण म्हणतात. जाडी २८ मिलिमीटरवरून २५ केली की ताठपणा ३६ टक्क्यांनी घटतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातानं बदलतो. तीन मिलिमीटर नुसत्या डोळ्याला कळतही नाहीत.

माझा रॉड गोठ्यात दावणीला आडवा लावला होता. म्हैस सोडून तो काढला, नवे बुश घातले आणि बसवला.